जावयाचा घोडा

२२ सप्टेंबर ८५, रविवार. मुखेड

"खाती म्हणतीस, तर मग त्यो पळून कामून जात न्हाई?" अव्वाने भाकरी थापता थापता विचारलं.

काल सातवीच्या मुलींनी शाळेच्या कुंपणावरच्या बाभळीवरून एक खंडोबाचा घोडा पकडून आणला. पुस्तकात प्रार्थना-कीटक. हिरवा, बोटाएवढा, पुढचे दोन पाय जोडून बसलेला. पोटाखालचे कप्पे मोजले, मादी आहे. पंख अजून पुरते फुटलेले नाहीत. ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि तासभर तिच्यावरच शिकवलं. डोळे पाच: दोन मोठे, मधे तीन बारके. मान पार मागे वळते, दुसऱ्या कुठल्या किड्याची अशी वळत नाही. पायांना आतून काटे. हात जोडलेत ते देवासाठी नाहीत, भक्ष्यासाठी. विष नाही. मुलींनी हातावर घेतली. एकही किंचाळली नाही, याचा मला फार आनंद झाला.

मग मी म्हणाले की मादी कधीकधी जोडीदारालाच खाते. वर्ग पाच मिनिटं हसत होता. तेच रात्री जेवताना घरी आईवडिलांना सांगितलं, आणि आज अव्वाचा हा प्रश्न.

घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, नांदेड. चुलीपुढच्या पहिल्या सवालाला नापास.

२५ सप्टेंबर

ती काचेच्या बरणीत आहे, तोंडाला फडकं. पाणी भांड्यातून पीत नाही. बोट ओलं करून काचेवर थेंब झटकले की तोंड लावते.

अव्वा पहाटेपासून हापशावर उभी होती. दोन घागरी मिळाल्या. मी बोट बुडवलेलं तिने पाहिलं. "माणसाला न्हाई अन किड्याला पाणी पाजायलीस."

खरंच होतं ते. पाऊस जुलैत आला तेवढाच. तुरी गुडघ्याएवढ्या झाल्या आणि तशाच वाळून राहिल्या.

थोड्या वेळाने अव्वाच बरणीपुढे बसली. "ह्यो खंडोबाचा घोडा न्हवं?"

"हो."

"म्हाळसा आपल्यातली. लिंगायत वाण्याची पोर. म्हंजी खंडोबा आपला जावई." आणि उठून स्वतःच्या तांब्यातले चार थेंब तिने काचेवर शिंपडले. "जावई दारात आला तर आधी घोड्याला पाणी दाखवावं लागतं."

अप्पा दुकानाला निघाले होते. उंबऱ्यातून म्हणाले, "घोडा आला. जावई कुठाय?"

"यील की," अव्वा म्हणाली. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. मुद्दाम.

६ ऑक्टोबर

सकाळी अव्वा रडवेल्या आवाजात उठवायला आली. "मेली गं. वाळून कोळ झाली."

बरणीत फडक्याला उलटी लटकलेली पांढरी पोकळ कात. आणि खाली काडीवर ती स्वतः, ओली, फिकट, पंख सुरकुतलेले. पंख पसरायला दुपार झाली. ही शेवटची कात. आता वाढायची नाही. फुलपाखरासारखा हिला कोश नसतो. पिल्लू अंड्यातून निघतं तेच आईसारखं, फक्त बिनपंखी आणि मुंगीएवढं. दर वेळी कातडी घट्ट झाली की आतून नवी घेऊन बाहेर येतं.

अव्वाने कात कागदात घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवली. "घोड्याची झूल हाय."

पदवी मिळाली तेव्हा अप्पांनी पदवीदानातला माझा दुपट्टा असाच घडी करून पेटीत ठेवला होता.

१७ ऑक्टोबर

खायला मिळवणं अवघड झालंय. तिला जिवंत आणि हलतं भक्ष्यच लागतं. मेलेली माशी समोर ठेवली तर बघतही नाही, दोऱ्याने हलवली तर झडप घालते. जनावरांच्या छावणीपाशी माशा आहेत, तिथून आणते. लोकांना वाटतं बाईला वेड लागलं.

आणखी एक गोष्ट वाचली. नाकतोड्याशी हिचं जवळचं नातं नाही. झुरळाशी आणि वाळवीशी आहे. अव्वाला सांगितलं. तिला पटलं नाही. "जावयाच्या घोड्याला झुरळाची बहीण म्हणू नको."

२७ ऑक्टोबर, रविवार

लातूरहून स्थळ आलंय. मुलगा शिवराज, बी.ए., नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. वडील नाहीत, आई आणि मामा. पुढच्या रविवारी बघायला येणार. अव्वाच्या लेखी लातूर अजून उस्मानाबादेतच आहे. तिला जिल्हा कळला नाही, पण कायम नोकरी कळली.

माझी शाळेतली जागा तात्पुरती आहे. जूनमध्ये नांदेडला बी.एड. केलं तर पक्की होईल. हे मी अप्पांना सांगितलंय. अव्वाला सांगितलंय. दोघंही मान हलवून "हाव" म्हणतात आणि दुसरं बोलायला लागतात.

२ नोव्हेंबर

अव्वाची धावपळ. मुलीच्या हातचं काम दाखवायला काही नाही. माझ्या हातचं म्हणजे फळ्यावरची चित्रं. शेवटी शेजारच्या खालाकडून क्रोशाचे सहा रुमाल आणले. खाला म्हणाली, "ले जा गे. मगर उनो टाका पूछे तो क्या बोलेगी?"

"पूछते न्हाईत," अव्वा म्हणाली.

मी विरोध केला. खोटं आहे, म्हणाले. अव्वा म्हणाली, "खोटं कसं? रुमाल खरेच हायेत."

३ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पाहुणे आले. शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा झाला. फळीवर रुमाल मांडलेले. बरणी कुठे ठेवायची ते अव्वाला ऐन वेळी सुचलं नाही, म्हणून तिच्यावरही एक रुमाल. सगळ्यांत मोठा.

मामांनी विचारलं, "रत्नमाला हातचं काय काय करती?"

"हे समदं तिच्याच हातचं," अव्वा.

शिवराजच्या आई उठल्या आणि बरोबर तो मोठाच रुमाल कोपऱ्याला धरून उचलला. "टाका बारीक हाय."

खाली ती. दोन पायांत अर्धं झुरळ. तिने खाणं थांबवलं, मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो, आपण जिकडे जाऊ तिकडे तो येतो. डोळा हलत नाही, तो भास असतो. हे त्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं. त्या रुमालासकट येऊन बसल्या.

मामा म्हणाले, "हे बी तिच्याच हातचं का?"

शिवराज हसले. मग खोकल्यासारखं केलं.

"नवऱ्याला खाती तीच न्हवं ही?" मामांनी मला विचारलं. नाही म्हणता आलं असतं. म्हणाले, "उपाशी असली तर. पोट भरलेलं असलं तर बहुतेक नाही."

"ऐकलास का शिवराज? रोज डबा घिऊन जायचा घरी."

त्यांच्या आई हसल्या नाहीत. "हा टाका कोणता म्हणायचा?" त्यांनी रुमाल अजून सोडला नव्हता.

मी म्हणाले, "मला विणता येत नाही. रुमाल शेजारच्या खालांचे आहेत."

अव्वाने डोळे मिटून घेतले.

शिवराजनी एकच प्रश्न विचारला. जाता जाता, चपला घालताना. "अशा दिवसांत हिला खायला काय मिळतं?" मी सांगितलं, छावणीवरच्या माशा, घरातली झुरळं. त्यांच्या आई म्हणाल्या, "घरात झुरळं हायेत म्हंजी." आणि गेले.

संध्याकाळी अव्वाने रुमालांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली: "किड्याचं खरं बोललीस ते बोललीस. रुमालाचं कशाला?"

४ नोव्हेंबर

रुमाल परत दिले. खाला पोट धरून हसली. "मेरा रुमाल तो मशहूर हो गया गे. तेरा रिश्ता गया सो गया." मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

९ नोव्हेंबर

गावभर झालंय. शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे हळदीकुंकवाला येईन, पण आमच्या मिस्टरांना घरीच ठेवते बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मुली मात्र रोज विचारतात, काय खाल्लं, किती खाल्लं. आज एकीने विचारलं, "बाई, ती शेतकऱ्याची मित्र का शत्रू?" सांगितलं, दोन्ही नाही. बोंडअळी खाते तशी मधमाशीही खाते. तिला आपलं शेत माहीत नसतं.

लातूरहून निरोप नाही. मला वाईट वाटतंय. नोकरीवाल्या स्थळाचं नाही. तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं.

बाजारचा दिवस, दिवाळीनंतर

अप्पांचं दोरांचं दुकान. कासरे, दावी, वेसणी, घुंगरमाळा. यंदा बाजारात जनावरं खच्चून येतात, पण सगळी विकायला. जुन्या दाव्यानिशी येतात, त्याच दाव्यानिशी जातात. नवा दोर कोणी घेत नाही. आज एक गिऱ्हाईक आलं. अप्पांनी घरी येऊन सांगितलं ते असं:

"कासरा द्या."

"बैल हाय का?"

"न्हाई."

"म्हैस?"

"न्हाई."

"मग बांधायचं कुणाला?"

तर गिऱ्हाईक म्हणालं, "वळखलं न्हाई का? मी लातूरचा शिवराज."

अप्पा सांगत होते तोवर शिवराज दारात उभे. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात भोकं पाडलेला डबा. डब्यात खंडोबाचा घोडा. बारीक, तपकिरी, लांब मिशांचा, पंख पोटापेक्षा मोठे. नर. कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबावर सापडला म्हणे. उस्मानाबादहून आलेली दप्तरं अजून सोडतायत, दुपारी सगळे त्या लिंबाखाली जेवतात.

"नर हाय का बघा. मला वळखू येत न्हाई."

"आहे."

अव्वा त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. आधी डब्यावर थेंब शिंपडले, मग त्यांना तांब्या दिला.

जाताना ओसरीवर ते हळू बोलले. "आई म्हणती, नोकरी नको. म्होरलं शिक्षण नको. किड्याचं तर नावच नको."

"आणि तुम्ही?"

"मला तुमचं बोलणं आवडलं." मग, "आईपुढं आणखी बोललो न्हाई."

खरं बोलले ते आवडलं. बोलले नाहीत ते आवडलं नाही. दोन्ही एकाच माणसाविषयी, एकाच ओसरीवर.

२४ नोव्हेंबर, रविवार

जोडी लावायची की नाही, यावर घरात चर्चा. अव्वा ठाम. "पाहुणा एवढा लातूरहून आला. पण आधी तिला जेवू घाल."

सकाळपासून अव्वाने स्वतः माशा धरल्या. झुरळं तर आहेतच. एक, दोन, अजून एक. शेवटची माशी तिने घेतली नाही, तोंड फिरवलं. अव्वा म्हणाली, "आता सोड."

बरणी लहान पडली असती. खिडकीत तुळशीच्या कुंडीवर दोघांना ठेवलं. नर मागून येत होता. ती हलली की हा थांबायचा. तिने मान वळवली की पानासारखा नुसता डुलायचा. पुन्हा एक पाऊल. पळून जात नाही, हे खरं. पण धावतही नाही. अव्वा शेजारी केरसुणीची काडी घेऊन बसली होती, मधे घालायला. "सावकाश रे बापा. सावकाश."

शेवटी एकदाचा तिच्या पाठीवर चढला. दुपार टळली. नंतर नर एकदम उडाला आणि भिंतीवर बसला. सगळा. डोकं शाबूत.

अव्वाने काडी खाली ठेवली. "वाचला."

नराला दारच्या लिंबावर सोडलं. अप्पा म्हणाले, "कळवावं लागंल लातूरला. खुशाल हाय म्हणून."

४ डिसेंबर

तिने अंडी घातली. तुळशीच्या वाळक्या काडीला उलटी लटकून, पोटातून साबणासारखा फेस काढत, पोटाचं टोक डावीउजवीकडे फिरवत. त्या फेसात अंडी, ओळीओळीने. संध्याकाळपर्यंत फेस वाळून खाकी झाला, बोराएवढा. आत शंभरावर असतील. वर कडक, आत हवेचे कप्पे. ऊनही लागत नाही, थंडीही. दुष्काळातून असंच पार होतात.

घालून झाल्यावर तिने पुढचे पाय चाटून साफ केले आणि निघाली. मागे वळून बघितलं नाही. अव्वाला हे आवडलं नाही. "आई कसली?"

"तिचं काम झालं, अव्वा."

"आईचं काम होत आसतंय व्हय कधी."

चंपाषष्ठी

तिने चार दिवस खाल्लं नव्हतं. पाय निसटत होते. आज सकाळी काडीखाली पडलेली. एका हंगामाचंच आयुष्य, मला ठाऊक होतं. मुलींना फळ्यावर लिहूनही दिलं होतं. तरी शाळेत गेले नाही.

अव्वाने चिमूटभर भंडारा टाकला आणि लिंबाखाली पुरलं. आजच्याच दिवशी गेली, म्हणाली, धन्याकडं गेली.

१९ जानेवारी ८६, रविवार

मामा येऊन गेले. साखरपुडा माघात करू. मुलाला पसंत आहे. आईची अट तीच. एप्रिलात शाळा सोडायची, बी.एड. नाही. "सुनेनं शिकवायला जावं असं आमच्यात न्हाई."

"शिवराज काय म्हणतात?" मी मधे बोलले.

"त्यो काय म्हणणार? आईच्या सबदाबाहीर न्हाई."

अप्पांनी तीन आठवडे मागून घेतले.

२१ जानेवारी

मला ते आवडतात. इथे लिहायला हरकत नाही. डब्याला भोकं पाडणारा माणूस. किती बारीक, किती सारखी पाडली होती. मी हो म्हणाले तर वाईट नांदणार नाही. पण सातवीच्या वर्गाचा आवाज...

२४ जानेवारी

अव्वा हो म्हण म्हणेल, असं मी धरून चालले होते. मनात भांडणही तयार होतं. आज ती दळण निवडत बसली होती. न बघता म्हणाली, "उपाशी ठिवून नांदवायला बघायलेत तुला."

मी तिच्यासमोर बसले.

"तूच म्हणलीस न्हवं त्या दिवशी, पोट भरलेलं आसलं तर खात न्हाई? माझ्या डोळ्यांनी बघितलं की म्या. तुझं पोट कशानं भरतंय ते त्यांना सांगून ये. मामाच्या तोंडून नको. तू जा."

"मुलीनं जायचं?"

"अप्पा हायेत संगं. आन तसा बी त्यांचा डबा ऱ्हायलाय आपल्याकडं. रिकामा डबा परत धाडू न्हाई."

अप्पा आतून म्हणाले, "तुझ्या पहिलीच्या नावनोंदणीला अंगठा द्यावा लागू न्हाई म्हणून म्या सही शिकलो. आता शाळा सोड म्हणायला ती सही वापरत न्हाई."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर अंड्यांची काडी कापली. कुंडीत दुसरी तसली काडी नाही. डब्यात कापूस घातला, वर काडी. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. ही देऊन टाकली तर माझ्याकडे काही राहत नाही. कातीशिवाय.

पावसाळ्यात आपणच फुटताना बघायचं ठरवलं होतं. पिल्लं धाग्याला लोंबकळत बाहेर येतात म्हणे, एकदम सगळी. मी अजून पाहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगून आले.

पहाटेची एस.टी., अहमदपूरवरून. दोन्ही बाजूंना काळं उघडं रान. अप्पा उतरताना म्हणाले, "सरळ बोल. भाषण देऊ नको."

त्यांच्या घरापुढे लिंब आहे. आई दारातच होत्या. मामा नव्हते, बरं झालं. मी डबा शिवराजच्या हातात दिला आणि त्यांच्याकडे नाही, आईंकडे बघून बोलले. मी शिकवणं सोडणार नाही. जूनमध्ये बी.एड.ला नांदेडला जाणार आहे, आणि ते झालं की परत येईन असं शाळेला सांगून आले आहे. या अटीवर साखरपुडा करायचा नाही. लग्नाला माझी ना नाही. बी.एड. झाल्यावर ह्यांना हवं असेल तर ह्यांनी स्वतः येऊन सांगावं, मामांना पाठवू नये.

शेवटापर्यंत बोलले.

आई म्हणाल्या, "आमच्या दारात यिऊन आम्हालाच अट?" रागावल्या होत्या. तरी अप्पांना घोंगडं टाकलं, पाणी दिलं. पाणी त्यांच्याकडेही टँकरचंच.

शिवराजनी डबा उघडला. मी सांगितलं, पाऊस पडला की बहुतेक फुटतील. बहुतेक. कधीकधी आधीच एक बारीक गांधीलमाशी आत अंडी घालून जाते, मग काहीच निघत नाही. निघाली तर शंभरावर निघतील. त्याच दिवशी झाडावर विखरून सोडा, कोंडून ठेवली तर एकमेकांना खातात. डब्यात ठेवू नका, पत्रा तापतो. सावलीतल्या फांदीला बांधा.

"हे आता घरात ठिवायचं?" आई म्हणाल्या.

"घरात न्हाई, आई. झाडावर." शिवराज म्हणाले. मग, "रत्नमाला जे म्हणाल्या त्याच्यावर आपण आज रातीला बोलू. मामा नसताना."

आई आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला.

शिवराजनी आतून तो कासरा आणला. त्याचा एक पेड उलगडून दोरी काढली, काडी दातात धरली आणि लिंबावर चढले. अप्पा खालून सांगत होते, गाठ कशी मारायची.

एस.टी.ची वेळ झाली, निघालो.

घरी आल्यावर अव्वाने पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी दिलं. ताटं वाढेपर्यंत तिने दम काढला. मग विचारलं, "काय झालं? पळाला का?"

"आमी निघालो तवर तर झाडावरच व्हता," अप्पा म्हणाले.